बापाचे पीककर्ज थकले, तर मुलाची सरकारी नोकरी अडते का?

बुलढाणा : लोणार, मेहकर, सिंदखेडराजा पट्ट्यात पहाटे रस्त्याच्या कडेने धावणारी मुले दिसतात. कुणाची पोलिस भरतीची तयारी, कुणाची अग्निवीरची. सोबत बँकेच्या परीक्षेचा अर्जही भरलेला असतो. यातील अनेकांच्या घरी सोयाबीन-कपाशीची शेती आणि सातबाऱ्यावर बोजा. मग धास्ती एकच, घरचे कर्ज थकले तर चारित्र्य पडताळणीत नाव अडकेल का?

पोलिस किंवा सैन्यासाठी कर्ज थकले एवढ्याच कारणावरून सहसा अडत नाही. बँकेत मात्र अडू शकते, तेही कर्ज उमेदवाराच्या स्वतःच्या नावावर असेल तर. एकट्या वडिलांच्या नावावरचे पीककर्ज मुलाच्या सिबिलवर येत नाही. मुलगा सहकर्जदार किंवा जामीनदार असेल, तरच येते. म्हणून चुलत्याच्या ट्रॅक्टरसाठी जामीन राहण्याआधी दोनदा विचार करावा.

पडताळणीत काय पाहतात?

केंद्रीय नोकरीच्या साक्षांकन अर्जात अटक, खटला, शिक्षा, दंड, परीक्षेतून बंदी अशी माहिती विचारतात. थकबाकीचा रकाना नसतो. पण दिलेला चेक वटला नाही आणि समोरचा कोर्टात गेला, तर कलम १३८ खाली तो फौजदारी खटला होतो आणि दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. असा खटला अर्जात लिहावाच लागतो. तो लपवला आणि नंतर उघड झाला, तर खटल्यापेक्षा लपवणेच महागात पडते. क्षुल्लक प्रकरणात नोकरी देणारा सौम्यपणे विचार करू शकतो, पण माहिती खरीच हवी, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये अवतारसिंग प्रकरणात सांगितले आहे.

नोकरी लागल्यावरही कर्जाचा विषय संपत नाही. केंद्राच्या १९६४ च्या वर्तणूक नियमांनुसार कर्मचाऱ्याने सतत कर्जबाजारी राहू नये आणि वसुलीचा दावा दाखल झाला तर लगेच कळवावे. अमेरिकेत तर गोपनीय कामाची परवानगी देतानाच थकीत कर्ज तपासतात. अडचणीतला माणूस पैशाच्या आमिषाला बळी पडू शकतो, हा त्यामागचा हिशेब.

बँकेचा नियम कडक

कर्ज किंवा क्रेडिट कार्डची थकबाकी राहिल्याची नोंद असलेला उमेदवार नियुक्तीस पात्र नाही, अशी अट स्टेट बँकेच्या जाहिरातीत असते. याच अटीवर एका उमेदवाराचे नियुक्तीपत्र २०२१ मध्ये रद्द झाले. जाहिरात निघाली तेव्हा आपले काहीच थकीत नव्हते, असे त्याचे म्हणणे होते. मद्रास उच्च न्यायालयाने जून २०२५ मध्ये बँकेची बाजू उचलून धरली. लोकांचा पैसा हाताळणाऱ्याला आर्थिक शिस्त हवी, हा मुद्दा योग्यच. पण जाणूनबुजून बुडवणारा आणि नोकरी नसल्याने शैक्षणिक कर्जाचे हप्ते चुकलेला, दोघांना एकाच फूटपट्टीने मोजणे पटत नाही. हप्ते फेडायला नोकरी हवी आणि नोकरीसाठी हप्ते फेडलेले हवेत, अशा कोंडीत मुलाने करायचे काय?

राज्यात यातली विसंगती आणखी ठळक होते. पीककर्जासाठी शेतकऱ्याला सिबिल मागू नका, नाहीतर गुन्हे दाखल करू, असे मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी मे २०२५ मध्ये बँकांना बजावले. बापाला सिबिलमधून सूट आणि त्याच घरातल्या मुलाला काउंटरमागे बसायचे तर सिबिल सक्तीचे!

नियम बदलेपर्यंत अर्ज भरण्याआधीच आपला अहवाल तपासावा. प्रत्येक क्रेडिट कंपनीकडून तो वर्षातून एकदा मोफत मिळतो. चुकीची नोंद दिसली तर तक्रार करा. ३० दिवसांत निकाल लागला नाही, तर पुढे रोज १०० रुपये भरपाई द्यावी लागते. ‘सेटलमेंट’ला घाईने हो म्हणू नका, कारण कमी रकमेत मिटवलेले कर्ज अहवालात तसेच दिसत राहते. पूर्ण फेडले असेल, तर बँकेकडून बाकी नसल्याचा दाखला घेऊन ठेवा. आयबीपीएसच्या भरतीत सिबिलची नोंद दुरुस्त झाली नसली, तरी रुजू होण्याआधी हा दाखला दिला तर चालतो.