वाटाण्याचे तारण

शहाड हे कल्याण आणि आंबिवली यांच्या मधले स्टेशन. एका अंगाला सेंच्युरी रेयॉनचा कारखाना, जवळून वाहणारी उल्हास नदी आणि लगतच उल्हासनगरच्या गजबजलेल्या बाजारपेठा. या परिसरातील व्यापारी घरांत बारावीचा निकाल लागला की पुढचा मार्ग बहुधा ठरलेला असतो. वाणिज्य शाखेची पदवी, जमल्यास सी.ए. आणि सायंकाळी दुकानावर बसणे. अलीकडे मात्र एखादा मुलगा किंवा मुलगी या मार्गावर मध्येच थांबते आणि ‘मला अ‍ॅनिमेशन शिकायचे आहे’ असे सांगते. खासगी संस्थांचे शुल्क लाखांच्या घरात असते. वडील विचारतात, ‘यात पुढे काय?’ आजोबा विचारतात, ‘म्हणजे नेमके काय?’ दोन्ही प्रश्न रास्त आहेत. पण आजोबांच्या प्रश्नाचे उत्तर आधी मिळाले, तर वडिलांचा प्रश्न पुष्कळसा सोपा होतो.

अ‍ॅनिमेशनच्या विद्यार्थ्याला अनेक ठिकाणी आरंभी जो प्रकल्प करावा लागतो तो ‘स्टॉप-मोशन’ पद्धतीचा असतो. टेबलावर मातीची बाहुली, बटणे, आगकाड्या किंवा असेच काहीतरी मांडायचे. एक छायाचित्र घ्यायचे. वस्तू केसभर सरकवायची. पुन्हा छायाचित्र. अशी शेकडो छायाचित्रे एकापाठोपाठ वेगाने दाखवली की निर्जीव वस्तू चालू-बोलू लागल्याचा भास होतो. आज पडद्यावर सेकंदाला २४ चित्रे सरकतात. विद्यार्थी सामान्यतः प्रत्येक चित्र दोनदा वापरून १२ वर भागवतो. म्हणजे एका मिनिटाला ७२० छायाचित्रे. तीन मिनिटांच्या छोट्या गोष्टीला २१६० छायाचित्रे. दिवसभर मान मोडून शंभर छायाचित्रे झाली, तर हाती आठ सेकंदांची हालचाल येते. व्यापाऱ्याच्या भाषेत सांगायचे तर श्रम घाऊक आणि माल किरकोळ.

या कामात भांडवल थोडे लागते, पण घर मात्र पुरते वेठीला धरले जाते. टेबल हलता कामा नये, म्हणून त्या खोलीत झाडू फिरत नाही. पंखा लावला की कागदी झाड डोलते, म्हणून ऐन उकाड्यात पंखा बंद. खिडकीतून येणारे ऊन सरकते आणि चित्रपटात सावल्या उड्या मारू लागतात, म्हणून खिडकीला जाड चादर बांधून दिव्याच्या उजेडात काम. एवढे करूनही तिसऱ्या दिवशी कोणीतरी मोबाइलचा स्टँड ‘नीट सरळ’ करून ठेवतो आणि पहिल्या दोन दिवसांचे काम पुढच्या कामाशी जुळेनासे होते. मग सारे पहिल्यापासून. असा प्रकल्प एकदा पुरा केलेला विद्यार्थी चित्रकलेत किती पुढे गेला हे सांगणे कठीण. परंतु त्याच्या चिकाटीविषयी घरच्यांना कोणत्याही गुणपत्रिकेपेक्षा अधिक माहिती मिळालेली असते.

आपल्याकडे अशा प्रकल्पाच्या बळावर कर्ज उभे राहिल्याचे एक उदाहरण शंभर वर्षांहून जुने आहे. तो विद्यार्थी तेव्हा एक्केचाळिशी ओलांडलेला होता आणि त्याचे नाव धुंडिराज गोविंद फाळके.

दादासाहेब फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वर येथे झाला. मुंबईचे जे. जे. कलाविद्यालय, पुढे बडोद्याचे कलाभवन, मग छायाचित्रण, पुरातत्त्व खात्यात आरेखकाची नोकरी, छपाईचा व्यवसाय, अधूनमधून जादूचे प्रयोग अशी त्यांची वाटचाल होती. बँकेच्या कोणत्याही कर्ज-अर्जात ही माहिती भरली असती, तर ‘अर्जदार एका धंद्यात स्थिर नाही’ असाच शेरा पडला असता. भागीदारांशी मतभेद होऊन छपाईचा चालता व्यवसायही त्यांनी सोडला. १९११ साली मुंबईत ख्रिस्ताच्या चरित्रावरील चित्रपट त्यांनी पाहिला आणि आपल्या देवादिकांच्या कथा अशाच पडद्यावर याव्यात, या विचाराने त्यांना झपाटले. पुढचे कित्येक महिने त्यांनी मिळेल तो चित्रपट पाहण्यात आणि मिळेल ते साहित्य वाचण्यात घालवले. झोप उडाली. डोळ्यांवर असा ताण आला की काही काळ दृष्टीच जवळजवळ गेली. औषधोपचाराने ती परत आली आणि गृहस्थ पुन्हा त्याच उद्योगाला लागले. एका मित्राने तर त्यांना ठाण्याच्या वेड्यांच्या इस्पितळात पाठवण्याचा घाट घातला होता, असे सांगतात. परेश मोकाशी यांच्या २००९ सालच्या ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ या चित्रपटामुळे हा काळ अनेक वाचकांच्या परिचयाचा झाला आहे.

भांडवल हवे होते. विम्याच्या पॉलिसी गहाण पडल्या. १९१२ च्या आरंभी फाळके लंडनला गेले, तेथे सेसिल हेपवर्थ यांच्या स्टुडिओत चित्रपटनिर्मिती पाहून आले आणि विल्यमसन बनावटीच्या कॅमेऱ्याची खरेदी झाली. चित्रपट काढण्यासाठी मात्र याहून कितीतरी मोठी रक्कम लागणार होती आणि तारण ठेवण्यासारखे फारसे उरले नव्हते. याच खटाटोपात त्यांनी ‘अंकुराची वाढ’ ही छोटी चित्रफीत केली. कुंडीत वाटाणे पेरले, समोर कॅमेरा पक्का बसवला आणि महिनाभराहून अधिक काळ ते एकेक चित्र टिपत राहिले. माती फुटते, कोंब वर येतो, पाने उलगडतात, वेल चढतो. महिन्याचा हा व्यवहार पडद्यावर मिनिटभरात घडला.

दिवसाला एक चित्र टिपले असे बहुतेक ठिकाणी लिहिलेले आढळते. हा हिशेब जुळत नाही. दिवसाला एक, तर महिन्याची तीस चित्रे; त्या काळच्या सेकंदाला सुमारे सोळा चित्रांच्या गतीने ती दोन सेकंदांत संपतील, कोंब दिसण्यापूर्वीच. मिनिटभराच्या फितीला ९६० चित्रे हवीत. तीस दिवसांत ती घ्यायची, तर रोज ३२, म्हणजे रात्रंदिवस साधारण दर पाऊण तासाला एक. फाळके रात्रीही उठत होते की दिवसातच अधिक चित्रे घेऊन भर काढत होते, हा तपशील गौण. पण दिवसातून एकदा सावकाश जाऊन हँडल फिरवण्याइतके ते काम निवांत नव्हते, हे कोणत्याही रोखपालाला पटेल. वाटाणा सुट्टी घेत नाही. कोंब वाढतच राहतो आणि हुकलेला क्षण पुन्हा मिळत नाही.

आजचा विद्यार्थी बिघडलेले छायाचित्र मोबाइलमधून तत्काळ पुसतो. फाळक्यांना फिल्म धुतल्याखेरीज काय टिपले गेले ते दिसत नसे. कच्ची फिल्म परदेशातून येई, तिचे पैसे आधीच मोजलेले असत आणि तिच्या कडेची छिद्रेसुद्धा घरीच पाडावी लागत. हे काम सरस्वतीबाई फाळके यांनी शिकून घेतले. मुले निजल्यावर अंधारात हातयंत्रावर छिद्रे पाडणे, रसायने कालवणे, फिल्म धुणे ही कामे त्यांच्याकडे होती आणि दिवसा सारा संसार होताच. पुढे ‘राजा हरिश्चंद्र’चे काम सुरू झाले, तेव्हा साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाकही त्यांच्याच अंगावर पडला, दागिनेही कामी आले. ती फिल्म नायट्रोसेल्युलोजची, क्षणात पेट घेणारी. शहाडच्या कारखान्यात लाकडाच्या लगद्यातील ज्या सेल्युलोजपासून रेयॉनचा धागा निघतो, त्याच द्रव्याचे हे ज्वालाग्राही भावंड. चूल आणि मुले यांच्यामध्ये तो माल सांभाळणाऱ्या गृहिणीचे नाव चित्रपटाच्या इतिहासात उशिराच घेतले जाऊ लागले.

ती मिनिटभराची फीत फाळक्यांनी मोजक्या लोकांना दाखवली. पाहणाऱ्यांत यशवंतराव नाडकर्णी होते, छायाचित्रणाच्या साहित्याचे व्यापारी. त्यांनी पैसा दिला. व्यापारी वाचकांनी या जागी क्षणभर थांबावे. नाडकर्णी हे काही चमत्काराला भुलणारे गिऱ्हाईक नव्हते. कॅमेरा, काच, रसायने आणि फिल्म यांच्या व्यवहारात मुरलेल्या माणसाला त्या फितीत वाटाण्याच्या पलीकडचे पुष्कळ दिसत असणार. महिनाभर कॅमेरा जागचा हललेला नाही. उजेड सांभाळलेला आहे. छिद्रे समान अंतरावर आहेत, नाहीतर चित्र पडद्यावर थरथरले असते. धुण्यात डाग पडलेला नाही. आणि एवढे सारे करणारा माणूस तिसऱ्या आठवड्यात कंटाळलेला नाही. चालू खात्याचा उतारा जे सांगतो, त्याहून हे वेगळे आहे. पण कमी भरवशाचे नाही. ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कोरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये लागला आणि लोकांनी तो उचलून धरला.

योगायोग असा की त्याच १९१२ साली रशियात लादिस्लाव स्तारेविच यांचा स्टॉप-मोशनमधील एक गाजलेला चित्रपट प्रदर्शित झाला. त्यातील पात्रे म्हणजे खरेखुरे कीटक होते. भुंग्यांच्या जातीच्या किड्यांची झुंज टिपण्याचा स्तारेविच यांचा प्रयत्न आधी फसला होता, कारण प्रखर दिव्यांखाली किडे निपचित पडत. तेव्हा त्यांनी मेलेल्या किड्यांना तारेचे पाय लावून हलवले. कौशल्य थोर, पण या पानांच्या वाचकांना ते पाहवणार नाही. फाळक्यांची कुंडी त्या मानाने सोज्वळ. १९१५ साली त्यांनी ‘आगकाड्यांची मौज’ हा याच तंत्राचा आणखी एक लघुपट केला. फ्रान्सच्या एमिल कोल यांनी १९०८ साली आगकाड्यांवर असाच एक चित्रपट केला होता. वाटाण्याला निदान स्वतःची वाढ होती. आगकाडी प्रत्येक वेळी हातानेच हलवावी लागते. तेव्हा ‘लंकादहन’ अजून यायचा होता आणि युरोपातील युद्धामुळे पैसा व फिल्म दोन्ही दुर्मीळ झाली होती. अशा दिवसांत एका काड्यापेटीवर चित्रपट करणे हा शुद्ध काटकसरीचा विचार होता.

मात्र वाटाण्याने जे सिद्ध केले नाही, तेही लक्षात घेतले पाहिजे. १९१८ साली मुंबईतील धनिक भागीदारांसह हिंदुस्थान फिल्म कंपनी स्थापन झाली. ‘कालियामर्दन’सारखे यश मिळाले, पण खर्च किती व्हावा आणि चित्रपट किती दिवसांत पुरा व्हावा यावरून खटके उडू लागले. छपाईच्या धंद्यात जे झाले होते तेच पुन्हा झाले. फाळके कंपनी सोडून काशीला गेले आणि १९२२ मध्ये परत आले ते पहिल्यासारखे सर्वाधिकार न उरता. बोलपटांच्या काळात त्यांचा निभाव लागला नाही. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिकला त्यांचे निधन झाले तेव्हा हाती संपत्ती नव्हती. या भांडणात भागीदारांना खलपुरुष ठरवण्याची प्रथा पडली आहे. ती न्याय्य नाही. ज्यांचा पैसा गुंतला आहे त्यांनी खर्चाचा हिशेब मागणे हा गुन्हा नव्हे. वाटाण्याच्या फितीने कसब आणि धीर यांची हमी दिली होती. हिशेबाची दिली नव्हती, आणि ती कोणी वेगळी मागितलीही नाही.

म्हणून घरात जेव्हा अ‍ॅनिमेशनचा विषय निघतो, तेव्हा वडिलांनी ‘यात पुढे काय?’ हा एकच प्रश्न विचारण्याऐवजी त्याचे दोन भाग करणे हिताचे. पहिला भाग, काम जमते का आणि सोसते का? दुसरा भाग, कामाचा खर्च व वेळ यांची नोंद राखता येते का? पहिल्याचे उत्तर शुल्क भरण्यापूर्वीच मिळू शकते. या क्षेत्रात भविष्य नाही, अशी सरसकट समजूतही योग्य नव्हे. पवईच्या आय.आय.टी.त आणि अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत अ‍ॅनिमेशनचे रीतसर शिक्षण मिळते. मुंबईत घडलेल्या ‘टोकरी’ या स्टॉप-मोशन लघुपटाला राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत २०१७ सालासाठी सर्वोत्तम अ‍ॅनिमेशनपटाचा मान विभागून मिळाला. पण या प्रतिष्ठित संस्थांच्या प्रवेशपरीक्षा कठीण असतात, आणि जाहिरातींत दिसणाऱ्या प्रत्येक खासगी वर्गाला तो दर्जा नाही. वर्गाची चमकदार पत्रिका पाहण्यापेक्षा तेथील मागच्या वर्षीच्या विद्यार्थ्यांनी केलेल्या फिती मागाव्यात. दाखवण्यास टाळाटाळ झाली, तर तेही उत्तरच.

आणि घरच्या परीक्षेसाठी वाटाणाच हवा असे नाही. तो थंडीतला, निकालानंतर, जूनच्या दमट हवेत त्याच्याकडून फार अपेक्षा नको. ओल्या मातीत पेरलेले मूग चार-पाच दिवसांत पाने दाखवतात. दर दहा मिनिटांनी एक छायाचित्र घेतले, तर दिवसाला १४४, पाच दिवसांत ७२०, म्हणजे बरोबर एक मिनिट. मोबाइलला वेळ लावून हे काम आपोआप होते हे खरे, पण परीक्षा घ्यायची असेल तर ती सोय वापरू नये. सकाळी सहा ते रात्री दहा एवढेच काम हाताने करावे. रोज ९७ छायाचित्रे होतील, फीत चाळीस सेकंदांची भरेल आणि रात्रीच्या खंडात कोंब पडद्यावर उडी मारील, तेवढी मारू द्यावी. पावसाळी आभाळामुळे खिडकीचा उजेड दिवसातून दहा वेळा बदलतो, तेव्हा खिडकी झाकून एकच दिवा ठेवावा आणि मूग त्या दिव्याच्या उष्णतेने सुकू नयेत एवढ्या अंतरावर असावा. शेजारी एक वही असावी. तीत वेळ, पाणी आणि झालेला खर्च लिहावा. पाच दिवस त्या खोलीत कोणी झाडू मारू नये, एवढे घरच्यांनी पाळावे.