ब्लड कॅन्सर: प्रत्यारोपण लागेल का, हे पहिला नमुना सांगतो

जुलै-ऑगस्टमध्ये रत्नागिरीत कुणाला ताप आला आणि प्लेटलेट कमी निघाल्या, तर घरच्यांच्याच नव्हे, डॉक्टरांच्याही मनात आधी डेंगी आणि लेप्टो येतात. बहुतेक वेळा ते बरोबरच असते. पण एखाद्या रुग्णाचा ताप उतरत नाही, हिमोग्लोबिन घसरत जाते, हिरड्यांतून रक्त येते आणि रक्ताच्या काचपट्टीवर ‘ब्लास्ट’, म्हणजे कॅन्सरच्या अपरिपक्व पेशी, दिसतात. मग मिळेल त्या गाडीने मुंबई गाठली जाते. परळला पोहोचेपर्यंत घरच्यांचा पहिला प्रश्न तयार असतो: “डॉक्टर, बोन मॅरो ट्रान्सप्लांट करायचं का? भाऊ द्यायला तयार आहे.”

या प्रश्नामागची माया खरी आहे. पण भाऊ तयार आहे की नाही, हा आज पुढचा प्रश्न झाला आहे. त्याआधी रुग्णाच्या कॅन्सरपेशींमधली जनुके कशी बिघडली आहेत, ते पाहावे लागते. कुणाला प्रत्यारोपण लागेल, कुणाला गोळ्यांवर भागेल आणि कुणाला प्रत्यारोपण करूनही धोका राहील, याचा अंदाज तिथून येतो. त्यासाठी लागणारा चांगला नमुना उपचार सुरू होण्याआधीच मिळतो. रत्नागिरीपासून मुंबईपर्यंतच्या धावपळीत नेमका तोच हातचा जाऊ शकतो.

१९८३ मध्ये काय माहीत होते

भारतातले पहिले यशस्वी बोन मॅरो प्रत्यारोपण मार्च १९८३ मध्ये मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात झाले. डॉ. सुरेश अडवाणी यांनी रक्ताचा तीव्र कर्करोग (एएमएल) झालेल्या नऊ वर्षांच्या मुलीला तिच्या भावाचा बोन मॅरो दिला. डॉ. अडवाणी यांना लहानपणी पोलिओ झाला होता आणि त्यांनी सारी कारकीर्द चाकाच्या खुर्चीतून केली. या तंत्राचे प्रशिक्षण त्यांनी अमेरिकेत सिएटलला डॉ. डॉनल थॉमस यांच्याकडे घेतले. थॉमस यांना पुढे १९९० मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले.

त्या काळी निर्णयाचे मुख्य निकष साधे होते. रुग्णाचे वय काय, केमोने आजार आटोक्यात आला का, आणि भावंडाचे एचएलए जुळते का. एचएलए म्हणजे पेशींवरच्या ओळखीच्या खुणा. एएमएल हे नाव एकच असले तरी त्यात जनुकांच्या बिघाडानुसार वेगवेगळे आजार आहेत, हे तेव्हा पुरते उलगडलेले नव्हते. त्यामुळे ज्याला प्रत्यारोपणाची गरज नव्हती त्यालाही त्याचा धोका पत्करावा लागे.

जनुकांनी निर्णय कसा बदलला

सर्वांत बोलके उदाहरण सीएमएल या रक्ताच्या दीर्घकालीन कर्करोगाचे आहे. १९६० मध्ये अमेरिकेतल्या फिलाडेल्फिया शहरात या रुग्णांच्या पेशींत एक आखूड गुणसूत्र दिसले. १९७३ मध्ये जेनेट राउली यांनी दाखवले की ९ आणि २२ क्रमांकाच्या गुणसूत्रांचे तुकडे आपसांत बदलले गेले आहेत. या अदलाबदलीतून ‘बीसीआर-एबीएल’ हे सदोष जनुक तयार होते आणि ते पेशींना सतत वाढायला लावते. त्याला रोखणारी इमॅटिनिब ही गोळी २००१ मध्ये आली. तोपर्यंत तरुण सीएमएल रुग्णाला बरे करण्याचा खात्रीचा मार्ग प्रत्यारोपण हाच होता. आज बहुतेकांना त्याची गरज पडत नाही. १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने या औषधाच्या एका रूपाचे पेटंट नाकारले. त्यामुळे भारतीय कंपन्यांची स्वस्त गोळी बाजारात राहिली आणि खेडेगावातल्या रुग्णालाही ती परवडते.

एपीएल हा एएमएलचाच एक प्रकार. त्यात १५ आणि १७ क्रमांकाच्या गुणसूत्रांची अदलाबदल होते. सुरुवातीचे दिवस रक्तस्रावामुळे फार धोक्याचे असतात. पण ते निभावले, तर एटीआरए आणि आर्सेनिक या औषधांनी बहुतेक रुग्ण प्रत्यारोपणाशिवाय बरे होतात.

इतर एएमएलमध्ये जनुकांवरून रुग्णांचे तीन गट करतात. ८ आणि २१ या गुणसूत्रांची अदलाबदल असेल, किंवा एनपीएम१ जनुकात बदल असून एफएलटी३-आयटीडी हा बदल नसेल, तर आजार सहसा अनुकूल गटात धरतात. केमोला उत्तम प्रतिसाद मिळाला तर प्रत्यारोपण राखून ठेवता येते. एफएलटी३-आयटीडी असेल तर गट मधला, आणि बहुतेकदा प्रत्यारोपणाची तयारी लवकर सुरू करतात. टीपी५३ जनुकातला बदल किंवा गुणसूत्रांची बरीच मोडतोड असेल तर आजार प्रतिकूल. अशा वेळी तब्येत साथ देत असेल तर प्रत्यारोपण सुचवले जाते. मात्र टीपी५३ असलेल्यांत प्रत्यारोपणानंतरही आजार उलटण्याचे प्रमाण जास्त आहे, हे घरच्यांना आधीच सांगायला हवे.

पहिला नमुना का जपायचा

तोंड, स्तन आणि गर्भाशयमुखाचा कर्करोग तपासणी शिबिरांत लवकर सापडू शकतो. तीव्र ब्लड कॅन्सरसाठी अशी शिबिरे उपयोगी नाहीत. तो काही आठवड्यांत उफाळतो आणि साध्या सीबीसी तपासणीत त्याची पहिली चाहूल लागते. म्हणून गावातल्या दवाखान्यातले पहिले दोन-तीन दिवस महत्त्वाचे ठरतात. या दिवसांत तीन गोष्टींची काळजी घ्यावी.

पहिली, स्टिरॉइड. उतरत नसलेल्या तापावर किंवा कमी प्लेटलेटवर कधी कधी निदानाआधीच स्टिरॉइडचे इंजेक्शन दिले जाते. आजार एएलएल किंवा लिम्फोमा असेल तर त्याने कॅन्सरपेशी तात्पुरत्या विरघळतात. रुग्णाला बरे वाटते, पण तपासणीत आजार लपतो. रक्तात ब्लास्टचा संशय असेल तर “स्टिरॉइड देण्याआधी बोन मॅरो तपासायचा आहे का?” असे जरूर विचारा.

दुसरी, नमुन्याचा प्रवास. गुणसूत्रे पाहण्यासाठी जिवंत पेशी लागतात, म्हणून तो नमुना पडून राहिलेला चालत नाही. मुंबईला जायचेच असेल आणि रुग्णाची स्थिती परवानगी देत असेल, तर बोन मॅरो तिथेच काढणे अनेकदा सोयीचे असते. गावी काढला असेल तर काचपट्ट्या, अहवाल आणि उरलेला नमुना मागून घ्या.

तिसरी, रक्त. हिमोग्लोबिन फार उतरले असेल तर रक्त द्यावेच लागते, त्यात टाळाटाळ नको. मात्र पुढे दाता होऊ शकणाऱ्या भावाबहिणीचे किंवा आईवडिलांचे रक्त थेट रुग्णाला चढवू नये. रुग्णाचे शरीर त्या पेशींविरुद्ध आधीच तयार होऊ शकते आणि प्रत्यारोपण अवघड जाते. नातेवाइकांनी रक्तपेढीला रक्त द्यावे आणि रुग्णाला दुसऱ्याचे घ्यावे.

यातून एक गैरसमज मात्र होऊ नये. नमुना आधी घ्यायचा, पण सगळे अहवाल येईपर्यंत उपचार थांबवायचे असे नाही. एपीएलचा संशय असेल तर एटीआरए त्याच दिवशी सुरू करतात.

भाऊ जुळतो, पण पुरेसे आहे का?

सख्खे भावंड पूर्ण जुळण्याची शक्यता २५ टक्के असते. दोन भावंडे असतील तर किमान एक जुळण्याची शक्यता सुमारे ४४ टक्के, तीन असतील तर ५८ टक्के. कुटुंबे लहान होत चालल्यामुळे पूर्ण जुळणारा दाता घरात मिळणे कठीण झाले आहे. नोंदणीकृत दात्यांत भारतीयांची संख्या कमी असल्याने बाहेरचा दाताही सहज मिळत नाही. म्हणून अर्धा जुळणारा दाता, म्हणजे आई, वडील, मूल किंवा भावंड, वापरण्याची पद्धत आता रूढ झाली आहे. प्रत्यारोपणानंतर सायक्लोफॉस्फमाइड हे औषध दिल्याने ती बरीच सुरक्षित झाली.

इथे जनुकशास्त्र आणखी एक प्रश्न विचारते. बहुतेक ब्लड कॅन्सर आनुवंशिक नसतात. पण काही घरांत डीडीएक्स४१, रनएक्स१ किंवा गाटा२ यांसारख्या जनुकांतला दोष पिढीजात असतो. तोच दोष दात्या भावातही असेल, तर त्याच्या पेशींतून पुढे नवा कॅन्सर उद्भवू शकतो. फॅन्कोनी ॲनिमियासारख्या आजारात तर नेहमीच्या मात्रेची केमो रुग्णाला झेपतच नाही. जवळच्या नात्यात, जसे आते-मामे भावंडांत, लग्न झाले असेल तर असे दोष दोन्हीकडून मुलात येण्याची शक्यता वाढते. म्हणून डॉक्टर जेव्हा “घरात कुणाला रक्ताचा आजार होता का, लग्न नात्यात झालं का” असे विचारतात, तेव्हा संकोच करू नका. त्या माहितीवर दाता आणि औषधाची मात्रा दोन्ही बदलू शकतात.

ही तपासणीही प्रत्यारोपणाआधीच करावी. नंतर रुग्णाच्या रक्तात दात्याच्या पेशी असतात, त्यामुळे रक्तावरून त्याची स्वतःची जनुके कळत नाहीत.

बातम्या आणि वास्तव

४ एप्रिल २०२४ रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या उपस्थितीत आयआयटी मुंबईमध्ये देशी कार-टी उपचाराचे लोकार्पण झाले. आयआयटी आणि टाटा मेमोरियल यांच्या सहकार्यातून ‘नेक्सकार१९’ तयार झाले आहे. यात रुग्णाच्याच टी-पेशींत जनुकीय बदल करून त्यांना कॅन्सर ओळखायला शिकवतात. पण तो बी-पेशींच्या कॅन्सरसाठी, म्हणजे ठरावीक लिम्फोमा आणि एएलएलसाठी आहे, तोही आजार उलटल्यावर किंवा औषधांना दाद देत नसताना. एएमएलच्या रुग्णाने बातमीचे कात्रण घेऊन यावे आणि निराश होऊन परत जावे, असे घडू नये.

जानेवारी २०२५ मध्ये ‘जीनोम इंडिया’ प्रकल्पातील १० हजार भारतीयांची जनुकीय माहिती संशोधकांना खुली झाली. जनुकीय अहवालात अनेकदा ‘अर्थ निश्चित नाही’ असा शेरा असतो. आपल्या लोकांत कोणते बदल निरुपद्रवी आहेत हे कळत जाईल, तसे असे शेरे कमी होतील. तोवर केवळ अशा शेऱ्यावरून दात्याला नाकारू नये किंवा घाबरून जाऊ नये, जनुकीय समुपदेशकाशी बोलावे.

डॉक्टरांना विचारायचे पाच प्रश्न

१. उपचाराआधी गुणसूत्रांची आणि जनुकांची तपासणी पाठवली आहे का?
२. आजार कोणत्या गटात येतो? त्यात पहिल्याच टप्प्यावर प्रत्यारोपण लागते का?
३. केमोनंतर उरलेल्या सूक्ष्म आजाराची (एमआरडी) तपासणी कधी होणार? प्रत्यारोपणाच्या वेळी ती शून्याजवळ असेल तर आजार उलटण्याचा धोका कमी असतो.
४. दात्याची आनुवंशिक तपासणी गरजेची आहे का?
५. तपासण्या आणि प्रत्यारोपण महात्मा फुले जनआरोग्य योजनेत बसतात का? उरलेल्या खर्चासाठी रुग्णालयातील समाजसेवा विभागाला पहिल्याच आठवड्यात भेटा.

प्रत्यारोपण ही बक्षिसासारखी मिळवायची गोष्ट नाही. संसर्ग आणि दात्याच्या पेशींनी रुग्णाच्या अवयवांवर केलेला हल्ला यांत जीवही जाऊ शकतो. पुढचे अनेक महिने रुग्णालयाजवळ राहावे लागते. मुंबईत चाकरमानी नातेवाईक असले तरी ते सोपे नसते. म्हणून “प्रत्यारोपण नको, केमो पुरेल” असे डॉक्टर म्हणाले, तर त्यांनी हात टेकले असा अर्थ काढू नका. कदाचित जनुकांचा अहवाल चांगला आला असेल. तसेच “लवकर करा” म्हणाले, तर भावाची एचएलए तपासणी पुढच्या फेरीवर ढकलू नका. आणि यांतले काहीही ठरण्याआधी, अगदी पहिल्या दिवशी, एवढेच विचारा: “नमुना घेतला का?”