छप्पन्न हजार किलोमीटरची पृथ्वी

“सर, हिला शाळेत कंटाळा येतो हो. काय करावं?” नववीतल्या मुलीचे वडील हे विचारतात तेव्हा आवाज आपोआप खाली येतो. मार्क कमी पडणाऱ्या मुलाबद्दल पालक चारचौघांत बोलतात. पहिल्या तिघांत येणाऱ्या मुलीची तक्रार कुणापुढे करणार? लोक म्हणतील, यांचं सुख यांना बोचतंय. म्हणून हे दुखणं घरातच राहतं आणि मुलगी रोज पाच-सहा तास आधीच कळलेलं पुन्हा ऐकत बसते. बाई फळ्यावर उदाहरण अर्धं लिहीपर्यंत तिचं उत्तर काढून झालेलं असतं. उरलेला तास वहीच्या मागच्या पानावर जातो.

पुढची लक्षणं मी वर्गात वर्षानुवर्षं पाहिली आहेत. अक्षर बिघडतं, गृहपाठ अर्धवट राहतो, मूल उलट बोलायला लागतं. लोक याला माज म्हणतात आणि तिथेच मुलावर अन्याय होतो. पण मला खरी भीती वेगळीच वाटते. दहावीपर्यंत ज्याला कधी अडावंच लागलं नाही, त्याची अशी पक्की समजूत होते की हुशार माणसाला सगळं पटकन येतं. अकरावीत पहिल्यांदा काही अडलं की हे मूल ‘आपण हुशार नव्हतोच’ असं ठरवून मोकळं होतं. नव्वदच्या पुढे मार्क असलेली मुलं बारावीच्या आत विझलेली पाहिली, की फार वाईट वाटतं.

जुन्या लोकांना डबल प्रमोशन आठवतं. आता शाळा सहसा त्या वाटेला जात नाहीत. मग घरच्यांना एकच उपाय दिसतो, फाउंडेशन बॅच. आठवीतल्या मुलाला तिथे अकरावीचं शिकवतात. काही मुलांना ते मानवतंही. पण बहुतेक ठिकाणी शाळेतलाच प्रकार वाढीव वेगाने चालतो. सूत्र, नमुना, त्याच नमुन्याची पन्नास उदाहरणं, रविवारी टेस्ट. कंटाळलेल्या मुलाला याने आणखी कंटाळा येतो, वर खेळायची संध्याकाळही जाते. अशा मुलाला चार-आठ दिवस पुरेल, झोपतानाही डोक्यात राहील असा एक प्रश्न लागतो.

वर जिचा उल्लेख केला, ती मुलगी आमच्या कोल्हापुरातली, माझ्याच गल्लीतली. नाताळच्या सुट्टीत मी तिला म्हटलं, पृथ्वीचा घेर मोजून दाखव. तिचा मावसभाऊ नागपूरला असतो. दोघांनी आपापल्या गच्चीवर मीटरभर उंचीची काठी ओळंब्यात उभी केली आणि दुपारी बारापासून दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकाशी खूण करत राहिले. नागपूरची सर्वांत आखूड सावली अठ्ठ्याण्णव सेंटिमीटर भरली, कोल्हापूरची चौऱ्याऐंशी. कोल्हापूरची सावली नागपूरच्या वीस मिनिटं मागाहून सर्वांत आखूड झाली. हे का, यावरच दोघांची फोनवर एक संध्याकाळ गेली.

मग तिने कागदावर दोन काटकोन त्रिकोण काढले आणि कोनमापक लावला. चव्वेचाळीस पूर्णांक पाच आणि चाळीस. फरक साडेचार अंश, म्हणजे वर्तुळाचा ऐंशीवा भाग. मोबाइलच्या नकाशावर कोल्हापूर ते नागपूर सरळ अंतर सुमारे सातशे किलोमीटर. गुणिले ऐंशी, छप्पन्न हजार. पुस्तकात घेर साधारण चाळीस हजार दिलेला.

तिने सावल्या पुन्हा मोजल्या. काठी वाकडी होती का ते पाहिलं. कोन पुन्हा काढला. सगळं बरोबर होतं आणि उत्तर चूक होतं. “सर, सांगा ना,” असं ती दोनदा म्हणाली. मी सांगितलं नाही. फक्त विचारलं, “नागपूर आपल्या कुठल्या दिशेला?” दुसऱ्या दिवशी ती शाळेचा नकाशासंग्रह घेऊन आली. नागपूर ईशान्येला आहे, आणि दुपारच्या सावलीच्या कोनातला फरक फक्त उत्तर-दक्षिण अंतराचा असतो! तिने नागपूरमधून पूर्व-पश्चिम रेषा ओढली, कोल्हापूरमधून उत्तरेकडे दुसरी, आणि ती दुसरी रेघ प्रमाणपट्टीने मोजली. चारशे नव्वद किलोमीटर. गुणिले ऐंशी, एकोणचाळीस हजार दोनशे. एराटोस्थेनिसने सव्वादोन हजार वर्षांपूर्वी हेच केलं होतं आणि आपली दोन गावं उत्तर-दक्षिण एका रेषेत आहेत असं धरलं होतं, हे तिने नंतर स्वतः शोधून वाचलं. यातलं एकही गणित नववीच्या बाहेरचं नव्हतं.

अशा मुलांसाठी आपल्याकडे काम झालेलं आहे. अप्पा पेंडसे यांनी 1962 साली पुण्यात ज्ञान प्रबोधिनी सुरू केली ती याच विचाराने. श्रीराम अभ्यंकर यांनी 1976 मध्ये स्थापलेल्या भास्कराचार्य प्रतिष्ठानात शाळकरी मुलं ऑलिंपियाडची गणितं सोडवायला बसतात. होमी भाभा बालवैज्ञानिक परीक्षा सहावी आणि नववीला असते. तिच्यात लेखी परीक्षेच्या पुढे प्रात्यक्षिक आणि प्रकल्पही असतो, म्हणून मला ती आवडते. नारायणगावजवळच्या खोडदची महादुर्बीण विज्ञान दिनाच्या सुमारास, फेब्रुवारीअखेर, लोकांसाठी खुली होते. मुलाला घेऊन जरूर जा. पण यातलं बहुतेक पुण्या-मुंबईच्या टापूत. चंदगडच्या किंवा अहेरीच्या मुलाने काय करायचं, हा प्रश्न मला छळतो.

त्याच्या हाताशी आहे ती त्याची शाळा आणि साठ मुलांचा वर्ग सांभाळणारे सर. त्यांच्याकडे जाताना ‘तुमच्या शिकवण्यात आमच्या मुलाला रस वाटत नाही’ असं म्हणालात तर दार बंद झालंच म्हणून समजा. मागायचं ते छोटं आणि नेमकं मागा. वर्गातलं काम पुरं झालं की त्याला त्याचा प्रश्न घेऊन मागच्या बाकावर बसू द्या. प्रयोगशाळेची किल्ली शनिवारी तासभर मिळू द्या. वर्गात त्याच्यासारखी आणखी एक-दोन मुलं असतातच, त्यांनाही त्याच्याबरोबर बसवा. एकट्या मुलाचा उत्साह महिनाभरात ओसरतो, तिघं असली की भांडणं होतात आणि काम पुढे सरकतं. अनुभवाने सांगतो, शंभरातले ऐंशी शिक्षक एवढ्याला नाही म्हणत नाहीत. उलट त्यांनाही बरं वाटतं, कारण वर्गात असं डोकं आहे हे त्यांना तुमच्या आधीपासून ठाऊक असतं.

प्रश्न कुठून आणायचे, असं सर विचारतील. मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राने ‘विज्ञान प्रतिभा’ या उपक्रमात आठवी ते दहावीसाठी असेच विचार करायला लावणारे पाठ तयार करून इंटरनेटवर फुकट ठेवले आहेत. पुढच्या पालकसभेला जाताना त्यातला एक छापून बरोबर न्या.