वाड्यासाठी गळा काढणाऱ्यांना

मराठी रविवार पुरवण्यांत आणि दिवाळी अंकांत एक लेख दरवर्षी नेमाने येतो. लेखकाचे नाव बदलते, शहर बदलते, लेख तोच असतो. पूर्वी वाडा होता (किंवा चाळ होती), अंगण होते, अंगणात प्राजक्त होता, दारे सताड उघडी असत, वाटीभर साखर मागायला कुणाला संकोच वाटत नसे. आता फ्लॅट आला, दार बंद झाले, शेजारी कोण राहतो हेही कुणास ठाऊक नाही. मग एक सुस्कारा. नव्या शहरात, नव्या फ्लॅटमध्ये बिऱ्हाड मांडणाऱ्या मराठी लेखकाला या सुस्काऱ्यापलीकडे सांगण्यासारखे काही सापडत नाही, आणि आमच्या समीक्षेला मात्र त्या सुस्काऱ्यात ‘हरवलेल्या समूहजीवनाचा शोध’ दिसतो. या लेखाविषयी, आणि तो वाचून मान डोलावणाऱ्या आम्हा मराठीच्या प्राध्यापकांविषयी, चार कडू शब्द लिहिण्याची वेळ आता आली आहे असे मला वाटते.

फ्लॅटवरचा मुख्य आरोप अनोळखीपणाचा आहे. इथे कुणी कुणाला ओळखत नाही, कुणी कुणाची चौकशी करत नाही, असे म्हटले जाते. दोन वर्षांपूर्वी संस्थेने मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावाहून माझी पुण्याला बदली केली. त्यानंतर सव्वा महिना मी भाड्याचा फ्लॅट शोधत होते. त्या सव्वा महिन्यात माझी जितकी चौकशी झाली तितकी माझ्या लग्नाच्या वेळीही झाली नव्हती. माझे आडनाव गावावरून पडलेले. असल्या आडनावावरून काहीच कळत नाही, ही त्या आडनावाची माझ्या मते सर्वांत मोठी थोरवी आणि एजंटाच्या मते सर्वांत मोठी अडचण. ‘मॅडम, मालक विचारतात, तुम्ही मूळच्या कुठल्या?’ मी गाव सांगितले. ‘ते कळलं हो, पण म्हणजे... घरात खाण्यापिण्याचं कसं?’ पुढच्या ठिकाणी तर प्रश्न आणखी सोज्वळ होता : कुलदैवत कोणते? जात विचारण्याची ही पद्धत मला नवीन होती आणि तिचे मला, भाषेची अभ्यासक म्हणून, कौतुकही वाटले. प्रश्नात आक्षेपार्ह असा एक शब्द नाही, आणि उत्तर मिळाले की काम झाले. तिसऱ्या ठिकाणी नवरा गावाकडेच नोकरीला आहे म्हटल्यावर ‘एकट्या बाईला’ देता येणार नाही असे सांगण्यात आले. (दोन्ही मुले सोबत होती. ती बहुधा मोजली गेली नाहीत.)

यांतल्याच एका घरमालकांनी मला चहा दिला. त्यांचे बालपण पेठेतल्या वाड्यात गेलेले. शेजारधर्म म्हणजे काय ते आम्ही वाड्यात पाहिले, आता कुठे राहिलेय तसे, असे ते अगदी मनापासून म्हणाले. आणि तेवढ्याच मनापासून, कपबशी खाली ठेवता ठेवता, त्यांनी माझ्या माहेरचे आडनाव विचारले. या दोन वाक्यांत त्यांना कुठलीही विसंगती जाणवली नाही. जाणवण्याचे कारणही नव्हते, कारण तशी विसंगती त्यांत नाहीच. वाड्यातला शेजारधर्म आणि माहेरचे आडनाव विचारणे ही एकाच व्यवस्थेची दोन कामे आहेत. आपल्या वाङ्मयाने पहिल्या कामावर शेकडो पाने लिहिली, आणि दुसऱ्याबद्दल जे लिहिले गेले त्याला वेगळ्या कपाटात ठेवले.

आधी त्या शेजारधर्माकडे पाहू. माणसे पूर्वी प्रेमळ होती आणि आता आत्मकेंद्री झाली, हे स्पष्टीकरण आपल्याला फार सोयीचे पडते. मुंबई-पुण्यात १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडे गोठवले. प्रमाण भाडे ठरवायला १ सप्टेंबर १९४० चे भाडे आधाराला धरले. भाडेकरूला काढणेही जवळजवळ अशक्य झाले. तीन-तीन पिढ्या एकाच दोन खोल्यांत राहिल्या आणि त्या खोल्यांचे भाडे महिन्याच्या दुधाच्या हिशेबापेक्षा कमी राहिले. ज्या शेजाऱ्याशी साठ वर्षे काढायची आहेत त्याच्याशी माणूस वाटीभर साखरेचे संबंध ठेवतोच. ती केवळ मनाची श्रीमंती नसते. तेवढ्या भाड्यात दुरुस्ती परवडत नाही म्हणून मालकाने वाड्याकडे पाठ फिरवली आणि वाडे ढासळत गेले, हीदेखील त्याच कायद्याची दुसरी बाजू. त्यात पुण्याला १२ जुलै १९६१ चा पानशेतचा पूर आला आणि नदीकाठच्या पेठांतल्या कितीतरी वाड्यांचा प्रश्न त्याने एका दिवसात सोडवला.

आज शहरात नव्याने येणाऱ्याला ती साठ वर्षे कोण देणार? १९९९ चा महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायदा २००० सालापासून लागू झाला. जुन्या भाडेकरूंना त्यात संरक्षण राहिले, पण माझ्यासारखीच्या हाती येतो तो ‘लिव्ह अँड लायसन्स’चा करार. कायद्याच्या भाषेत मी भाडेकरूही नाही. मी परवानगीने राहणारी आहे, आणि मुदत संपल्यावर मुक्काम लांबवला तर दुप्पट दराने भरपाईस पात्र आहे. करार अकरा महिन्यांचाच का, असे मी एजंटाला विचारले, तर ‘पद्धत आहे’ म्हणाला. वर्षाच्या आतल्या कराराला नोंदणी लागत नाही, या जुन्या हिशेबातून आलेली ही पद्धत. महाराष्ट्रात आता अशा कोणत्याही कराराची नोंदणी सक्तीची आहे, त्यामुळे त्या हिशेबाला अर्थ उरलेला नाही, अकरा हा आकडा तेवढा उरला आहे. दर अकरा महिन्यांनी ज्याला टेम्पो शोधावा लागतो, मुलांच्या शाळेच्या बसचा थांबा बदलावा लागतो, गॅसच्या नोंदणीवरचा पत्ता फिरवावा लागतो, त्याने शेजाऱ्याशी जिव्हाळा का जोपासला नाही म्हणून पुरवणीतल्या लेखकाने हळहळावे, ही निव्वळ चैन आहे.

साहित्याकडे येते. वाड्याच्या बाजूने साक्ष द्यायला बोलावले जातात ते लेखकसुद्धा खरे म्हणजे ती साक्ष देत नाहीत. महेश एलकुंचवारांचे ‘वाडा चिरेबंदी’ (१९८५) हे नाटक ‘कोसळत्या वाड्याची शोकांतिका’ म्हणून आम्ही शिकवतो. पण त्या वाड्याने प्रभाचे शिक्षण थांबवले, घरातल्या बायकांचे आयुष्य स्वयंपाकघरात संपवले, हे एलकुंचवारांनी स्वच्छ लिहून ठेवले आहे. रडते ते आमचे प्रेक्षागृह. पु. लं.च्या ‘बटाट्याची चाळ’बद्दल (१९५८) माझी तक्रार नाही, त्या माणसाने चाळीची टर उडवता उडवता तिच्यावर माया केली, तो त्याचा अधिकार. तक्रार आहे ती त्यानंतरच्या साठ-सत्तर वर्षांत त्या एका पुस्तकाला शहरी मराठी निवासाचा अधिकृत दस्तऐवज करून टाकणाऱ्यांबद्दल.

कारण त्यानंतर अवघ्या पाच वर्षांनी, १९६३ मध्ये, बाबुराव बागुलांचा ‘जेव्हा मी जात चोरली होती’ हा संग्रह आला. शीर्षककथेत घडते काय? एक तरुण रेल्वेतल्या नोकरीसाठी सुरतेजवळ उधन्याला येतो. शहर नवे, माणसे नवी, डोके टेकायला जागा हवी. जागा मिळते ती जात लपवून. पुढे जात उघडी पडते आणि तो मार खातो. आम्ही ही कथा ‘दलित साहित्य : स्वरूप आणि प्रेरणा’ या घटकाखाली शिकवतो, विद्रोह, वेदना, नकार असे तीन शब्द फळ्यावर लिहितो, आणि तास संपवतो. ही कथा एका माणसाने नव्या शहरात घर शोधण्याची कथा आहे, आणि त्या विषयावरच्या मराठीतल्या उत्तम कथांपैकी एक आहे, हे आमच्या लक्षातही येत नाही. पु. लं.ची चाळ ‘मध्यमवर्गीय’ असूनही सर्वांची, आणि बागुलांची खोली मात्र फक्त दलितांची! ही वाटणी कोणी केली? आम्हीच केली, अभ्यासमंडळांच्या बैठकांत, पोहे खाता खाता.

बागुलांच्या कथेच्या मागे आणखी एक घर उभे आहे. १९१७ साली डॉ. आंबेडकर कोलंबिया आणि लंडनमध्ये शिकून बडोद्याला नोकरीवर रुजू झाले तेव्हा त्यांना शहरात राहायला जागा मिळेना. पारशी नाव सांगून ते एका पारशी वसतिगृहात राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेले लोक दारात आले आणि त्यांना ती जागा सोडावी लागली. एक हिंदू आणि एक ख्रिस्ती स्नेही होते. दोघांकडेही आसरा मिळाला नाही. पाच तास बागेत काढून त्यांनी रात्रीची मुंबईची गाडी पकडली. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आठवणींत त्यांनी हे सारे कसलाही आव न आणता सांगितले आहे. नव्या शहरात स्थिरावण्याविषयीच्या भारतीय लेखनाची सुरुवात कुठून करावी असे मला कुणी विचारले, तर मी या चार-पाच पानांकडे बोट दाखवीन.

आपला ‘बिऱ्हाड’ हा शब्दही पाहण्यासारखा आहे. पुण्या-मुंबईच्या मध्यमवर्गात बिऱ्हाड ‘मांडायचे’ असते. म्हणजे सामान उतरले, दूध उतू घातले, माळ्यावर पिंपे चढली. लक्ष्मण मान्यांच्या ‘उपरा’त (१९८०) बिऱ्हाड गाढवाच्या पाठीवर असते आणि गावोगाव हिंडते. शब्द एकच, पण एका अर्थात ते थांबले तरच घर, आणि दुसऱ्या अर्थात ते चालत राहते तेच घर. गमावलेल्या अंगणाचे दुःख पहिल्याच अर्थाच्या लोकांना परवडते.

मला शेवटी फ्लॅट मिळाला. तिथे काय मिळाले हेही प्रामाणिकपणे सांगायला हवे : आतून लावता येणारी माझी स्वतःची कडी, घरातला संडास, आणि मी रात्री किती वाजता आले याची नोंद ठेवणारी सासू नसलेला जिना. वाड्यातल्या बाईला हे तिन्ही मिळत नव्हते. उघड्या दारांचे गोडवे बहुधा पुरुष गातात, हे सहज म्हणून नोंदवते. त्या दारांतून आत येणारी नजर त्यांच्यावर नव्हती, आणि जिव्हाळ्याचे पापड-कुरडयाही त्यांनी लाटल्या नव्हत्या. फ्लॅटने जो अनोळखीपणा देऊ केला होता तो मला आशीर्वादासारखा वाटतो. दुःख एवढेच की तो पुरेसा मिळाला नाही. आम्ही फ्लॅट बांधले आणि आत वाडाच भरला.

माझे एक सहकारी मुसलमान आहेत आणि वर्गात तुकाराम शिकवतात. त्यांच्याइतका चांगला तुकाराम शिकवणारा शिक्षक मी पाहिलेला नाही. त्यांना फोनवर घर नेहमी मिळते. नाव सांगेपर्यंत. नंतर ते ‘कालच गेले’ असते. आज ते कॉलेजपासून सव्वा तासावर राहतात, जिथे मिळाले तिथे. याविरुद्ध त्यांनी दाद कुठे मागावी? संविधानाच्या पंधराव्या अनुच्छेदात दुकाने, उपाहारगृहे, विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते यांचा उल्लेख आहे. भाड्याच्या खोलीचा नाही. अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण संस्थेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली सभासदत्व एका समाजापुरते मर्यादित ठेवणारा उपविधी वैध ठरवला. त्या निकालामागे संघटनस्वातंत्र्याचा विचार आहे, आणि छोट्या समाजाने एकत्र राहू पाहावे यात मला वावगेही दिसत नाही. पण छोट्या समाजाचे एकत्र राहणे आणि मोठ्या समाजाने दार लावून घेणे यांत जो फरक आहे, तो पाहणे हे न्यायालयाइतकेच साहित्याचे काम आहे. यावर मराठीत दिवाळी अंक निघाल्याचे मला आठवत नाही.

आणि गंमत अशी की ज्यांच्यासाठी गळा काढला जातो ते वाडे पूर्ण गेलेलेही नाहीत. सदाशिव पेठेतल्या जुन्या वाड्यांत आज लातूर, परभणी, बुलढाण्याची मुले ‘कॉट बेसिस’वर राहतात, मेसचा डबा खातात, अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षेची तयारी करतात. एका खोलीत चार कॉट, कॉटखाली लोखंडी पेटी, हेच बिऱ्हाड. वाड्यावर लिहिणाऱ्यांपैकी किती जण गेल्या दहा वर्षांत त्या जिन्याने वर गेले?

पुढच्या दिवाळीत ज्यांना तो लेख लिहायचाच आहे त्यांनी तो खुशाल लिहावा. प्राजक्तही ठेवावा. फक्त त्यात तीन गोष्टींची भर घालावी : खोलीचे भाडे किती होते, वाड्यातल्या सगळ्या बिऱ्हाडांची आडनावे काय होती, आणि टोपलीचा संडास साफ करायला येणारी बाई कुठल्या बोळातून आत येत असे.