मध्यप्रांत व वऱ्हाड : नकाशावर नसलेला, घरच्या कागदांत असलेला प्रांत

या सदरात दर महिन्याला आपण एका देशाची ओळख करून घेतो. तो कुठे आहे, तिथे कोण राहतं, कारभार कोण चालवतो, रस्ते-रेल्वे कशी आहे, हे आपले ठरलेले चार प्रश्न. या वेळी मात्र आम्ही असा मुलूख निवडला आहे, जो आजच्या कुठल्याही नकाशात सापडणार नाही. तरीही विदर्भातल्या अनेक घरांत, लोखंडी पेटीच्या तळाशी, आजोबांच्या शाळेच्या दाखल्यावर त्याचं नाव लिहिलेलं आहे : सी. पी. अँड बेरार, म्हणजे मध्यप्रांत व वऱ्हाड. राजधानी नागपूर.

स्थान

हिंदुस्थानच्या मधोमध असलेल्या या प्रांताला समुद्रकिनारा नव्हता. उत्तरेला नर्मदेचं खोरं आणि सातपुडा, पूर्वेला महानदीचा छत्तीसगढ, दक्षिणेला वर्धा-वैनगंगेचा मुलूख आणि पश्चिमेला पूर्णेच्या काठची वऱ्हाडची काळी जमीन. छत्तीसगढ व भंडाऱ्याकडे धान, वऱ्हाडात कापूस, नागपूर-काटोलकडे संत्री, आणि बालाघाट, भंडारा, नागपूर या पट्ट्यात मँगनीज.

हा प्रांत एका दिवसात झालेला नाही. नागपूरचे तिसरे रघुजी भोसले १८५३ साली वारस न ठेवता वारले आणि १८५४ मध्ये इंग्रजांनी राज्य खालसा केलं. त्याला सागर-नर्मदेचा प्रदेश जोडून १८६१ मध्ये मध्यप्रांत तयार झाला. वऱ्हाड निजामाचा. तो १८५३ पासून इंग्रजांच्या ताब्यात होता आणि १९०२ च्या करारानं वर्षाला २५ लाख रुपयांच्या मोबदल्यात कायमच्या पट्ट्यानं त्यांच्याकडे गेला. १९०३ मध्ये तो मध्यप्रांताला जोडला गेला.

लोक

पश्चिम आणि दक्षिणेला मराठी, उत्तरेला हिंदी, पूर्वेला छत्तीसगढी, जंगलपट्टीत गोंडी, आणि शहरांत व छावण्यांत उर्दू. इतक्या भाषांचे लोक एका कचेरीखाली नांदत होते.

यात आपले लोक कुठे होते, असं मुलं विचारतात. त्यांना पहिल्यांदा हे सांगावं की नागपूर शहर वसवलं ते देवगडच्या गोंड राजानं, बख्त बुलंद शाहनं, १७०२ च्या सुमारास. औरंगजेबाच्या काळात त्यानं इस्लाम स्वीकारला होता. नाग नदीकाठच्या लहान लहान वस्त्या जोडून त्यानं हे गाव उभं केलं. त्याचा मुलगा चांद सुलतान यानं राजधानी देवगडहून इथे आणली.

पुढे १८२१ मध्ये कन्हान नदीकाठी कामठीची छावणी झाली. १८५७ नंतरच्या धामधुमीत उत्तरेकडून विणकर कुटुंबं दक्षिणेकडे सरकली. त्यातली बरीच बुऱ्हाणपूर, कामठी आणि नागपूरच्या मोमिनपुऱ्यात स्थिरावली. त्या वेळी ही तिन्ही ठिकाणं एकाच प्रांतात होती. बुऱ्हाणपूरची मुलगी नागपूरला दिली तर ती प्रांताबाहेर जात नव्हती.

कारभार

सुरुवातीला चीफ कमिशनर, १९२० नंतर गव्हर्नर, आणि १९३७ पासून निवडून आलेलं मंत्रिमंडळ. १९२३ मध्ये नागपूर विद्यापीठ आणि १९३६ मध्ये नागपूर हायकोर्ट स्थापन झालं. न्यायमूर्ती मोहम्मद हिदायतुल्लाह इथल्याच मॉरिस कॉलेजात शिकले, याच हायकोर्टात वकिली केली आणि १९५४ मध्ये तिथले मुख्य न्यायमूर्ती झाले. पुढे ते भारताचे सरन्यायाधीश, काही काळ कार्यवाहक राष्ट्रपती आणि नंतर उपराष्ट्रपती झाले. त्यांचे वालिद हाफिज विलायतुल्लाह हे उर्दूचे शायर होते.

गावपातळीवर मालगुजारी होती. ती १९५१ मध्ये संपली, पण भंडारा-गोंदियाकडच्या तलावांना आजही ‘मामा तलाव’ म्हणतात, म्हणजे माजी मालगुजारी तलाव.

रेल्वे आणि गिरण्या

समुद्र नसलेल्या मुलुखाचं बंदर म्हणजे रेल्वे स्टेशन. मुंबईहून रेल्वे नागपूरला आली १८६७ मध्ये. मग कापूस बाहेर जाऊ लागला आणि १ जानेवारी १८७७ रोजी जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली. बंगाल-नागपूर रेल्वेनं पूर्वेची, कलकत्त्याची वाट उघडली. १९२९ मध्ये काझीपेठ-बल्लारशा दुवा पूर्ण झाल्यावर दिल्ली-मद्रास गाड्या नागपूरवरून जाऊ लागल्या. गिरण्यांच्या सुतामुळे विणकरांना काम मिळालं आणि गिरण्यांच्याच कापडानं त्यांच्या हातमागाला धक्का दिला. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत.

प्रांत कसा मोडला

२६ जानेवारी १९५० पासून या प्रांताचं नाव ‘मध्यप्रदेश’ झालं, राजधानी नागपूरच राहिली. ही एक ओळ अधोरेखित करून ठेवावी, पुढे ती कामी येणार आहे. न्यायमूर्ती फजल अली यांच्या अध्यक्षतेखालच्या राज्य पुनर्रचना आयोगानं १९५५ मध्ये विदर्भाचं वेगळं राज्य सुचवलं होतं, ते झालं नाही. १ नोव्हेंबर १९५६ रोजी बुलढाणा, अकोला, अमरावती, यवतमाळ, वर्धा, नागपूर, भंडारा आणि चांदा हे आठ मराठी जिल्हे द्वैभाषिक मुंबई राज्यात गेले. उरलेला भाग नव्या मध्यप्रदेशात गेला, त्याची राजधानी भोपाळ. हायकोर्ट जबलपूरला गेलं. नागपूरला मुंबई हायकोर्टाचं खंडपीठ आणि १९५३ च्या नागपूर करारानुसार विधिमंडळाचं वर्षातलं एक अधिवेशन एवढं उरलं. २००० मध्ये छत्तीसगढही वेगळा झाला. एका प्रांताचे भाग आज तीन राज्यांत आहेत.

याचा आपल्याला उपयोग काय?

उपयोग आहे, आणि तो थेट मुलांच्या प्रवेशाशी व फीशी जोडलेला आहे. जातीच्या दाखल्यासाठी महाराष्ट्रात ओबीसी उमेदवाराला १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा मागतात. जुलाहा-अन्सारीसारख्या आपल्या बिरादरींना हे लागू आहे. मग पेटी उघडली जाते. आजोबांच्या दाखल्यावर ‘जिल्हा नागपूर, मध्यप्रदेश’ लिहिलेलं दिसतं आणि घरात एकच घबराट होते : आपण परराज्यातले ठरलो की काय? कोणीतरी सल्ला देतो, हा कागद दाखवूच नका. असा सल्ला ऐकून घरातला सगळ्यात भक्कम पुरावा पुन्हा पेटीत गेल्याचं आम्ही पालकांकडून ऐकलं आहे.

म्हणून ही यादी कापून ठेवा. नागपूर जिल्ह्यातल्या एकाच मोहल्ल्यातल्या एकाच घराच्या कागदांवर, घर न हलता, ही सगळी नावं येऊ शकतात :

१९०३ ते २५ जानेवारी १९५० : मध्यप्रांत व वऱ्हाड, सी. पी. अँड बेरार.
२६ जानेवारी १९५० ते ३१ ऑक्टोबर १९५६ : मध्यप्रदेश.
१ नोव्हेंबर १९५६ ते ३० एप्रिल १९६० : मुंबई राज्य.
१ मे १९६० पासून : महाराष्ट्र.

जिल्ह्यांचंही तसंच. जुन्या कागदावरचा चांदा म्हणजे आजचे चंद्रपूर व गडचिरोली, भंडाऱ्यातून १९९९ मध्ये गोंदिया निघाला, अकोल्यातून १९९८ मध्ये वाशिम.

तेव्हा कागदावर प्रांताचं नाव पाहून घाबरू नका, गाव आणि साल पाहा. गाव वर दिलेल्या आठ जिल्ह्यांतलं असेल, तर ते आजच्या महाराष्ट्रातलंच आहे. याउलट कुटुंब बुऱ्हाणपूर, सिवनी किंवा जबलपूरहून आलेलं असेल, तर ते इथे कोणत्या साली आलं, हे सिद्ध करणारा कागद शोधावा लागेल. शाळेचा दाखल-खारीज उतारा, कोतवाल बुकाची नक्कल, घराची किंवा शेताची जुनी नोंद, यांत तो सापडू शकतो. नोंद उर्दूत किंवा मोडीत असेल तर ती वाचू शकणाऱ्या बुजुर्गांकडून आजच वाचून घ्या. मुलांना तिचे फोटो काढून ठेवायला सांगा.

या सुट्टीत मुलांना एवढंच काम द्या. दादी-नानांजवळ बसून तीन गोष्टी लिहून घ्यायच्या : घराणं कुठल्या गावचं, इथे कोणत्या साली आलं, आणि पहिल्यांदा शाळेत कोण गेलं. जगातल्या राजधान्या पाठ करण्याइतकाच हा भूगोल महत्त्वाचा आहे. सांगणारी माणसं आहेत तोवरच तो लिहून होईल.

पुढच्या महिन्यात आपण पुन्हा नकाशावरच्या देशाकडे जाऊ : ओमान.