जोडली खरी, पण दिसेना

दिवाळीच्या सुट्टीत पुतण्या पुण्याहून गावी आला, तो येताना दोन टेराबाइटची एक कोरी हार्ड डिस्क घेऊनच आला. त्यामागे कारण होते. अण्णांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, जुना संगणक पावसाळ्यात कायमचा बंद पडला होता. मदरबोर्ड जळाला, पण आतील पाचशे गिगाबाइटची हार्ड डिस्क दुरुस्ती करणाऱ्याने सुखरूप काढून आमच्या हाती दिली होती. त्या डिस्कमध्ये अण्णांनी वीस वर्षे खपून तयार केलेली घराण्याची वंशावळ होती, शेतीच्या कागदपत्रांच्या प्रती होत्या आणि आजीने जात्यावर म्हटलेल्या ओव्या होत्या. ओव्यांच्या मूळ कॅसेटींना केव्हाच बुरशी लागली. त्यामुळे आजीचा आवाज आता त्या एका डिस्कवाचून अन्यत्र कोठेही उरलेला नव्हता.

आमचा बेत साधा होता. नवी डिस्क घरच्या संगणकाच्या पेटीत बसवायची, जुनी बाहेरून तारेने जोडायची आणि सारे या डिस्कमधून त्या डिस्कमध्ये उतरवून घ्यायचे. जोडणी झाली, संगणक सुरू झाला, ‘धिस पीसी’ची खिडकी उघडली, आणि दोहोंपैकी एकही डिस्क तेथे दिसेना!

सुज्ञ वाचकहो, असा प्रसंग आपल्यापैकी अनेकांवर आला असेल. अशा वेळी मन घाबरे होते आणि पडद्यावर जी सूचना येईल तिला ‘होय’ म्हणून आपण मोकळे होतो. नेमके तेथेच घात होतो. म्हणून आजच्या लेखात, संगणकाला डिस्क ‘दिसणे’ म्हणजे काय, हे क्रमाने पाहू.

पहिली पायरी विजेची. आमच्या जुन्या डिस्कवर हात ठेवून पाहिला, तर तिला कंप नव्हता. ती फिरतच नव्हती. कारण लगेच ध्यानात आले. लॅपटॉपमध्ये असते ती अडीच इंची डिस्क यूएसबीच्या तारेतून मिळणाऱ्या विजेवर चालू शकते; परंतु टेबलावरील संगणकातील साडेतीन इंची डिस्कला बारा व्होल्टचाही पुरवठा लागतो आणि यूएसबीच्या साध्या तारेतून तो मिळत नाही. पुतण्याने आणलेली तार लहान डिस्कची होती. बाजारातून स्वतंत्र अॅडॉप्टर असलेली जोडणी आणली, तेव्हा डिस्क हलकेच घुमू लागली. पेटीच्या आत बसवलेल्या डिस्कलाही दोन तारा लागतात. एक विजेची, दुसरी माहितीची. त्यांपैकी एक जरी सैल राहिली तरी डिस्क दिसत नाही. तारा तपासताना संगणक बंद करून वीजपुरवठा काढलेला असावा, हे सांगणे नलगे. तार बदलून पाहणे, दुसऱ्या पोर्टात जोडून पाहणे, हे उपाय क्षुल्लक वाटतात. पण पुष्कळ वेळा तेवढ्यानेच काम भागते.

दुसरी पायरी नोंदीची. ‘धिस पीसी’मध्ये डिस्क नाही, म्हणजे संगणकाने तिला ओळखलेच नाही, असे समजू नये. त्या खिडकीत फक्त वापरासाठी सिद्ध झालेले कप्पे दिसतात. जोडलेल्या सर्व डिस्कांची खरी यादी निराळ्या ठिकाणी असते. विंडोजमध्ये स्टार्टच्या बटणावर माउसची उजवी कळ दाबावी आणि येणाऱ्या यादीतून ‘डिस्क मॅनेजमेंट’ निवडावे. खालच्या भागात प्रत्येक डिस्कची एक आडवी पट्टी दिसते. पट्टीवर निळी कड असेल तर तेथे कप्पा पाडलेला आहे. काळी कड असून ‘अनअलोकेटेड’ असे लिहिले असेल तर ती जागा अजून कोणत्याच कप्प्यात गेलेली नाही.

आम्ही ती खिडकी उघडताच एक सूचना पुढे आली : डिस्क १ ‘इनिशियलाइज’ करा. खाली ‘ओके’चे बटण होते. पुतण्याचे बोट माउसवर गेलेच.

“काका, ओके करू?”

“थांब. आधी ही डिस्क १ कोणती, ते पाहू.”

सूचना बंद करून आम्ही पट्ट्या नीट पाहिल्या. डिस्कचा क्रमांक संगणक आपल्या सोयीने देतो. त्यावरून नवी कोणती आणि जुनी कोणती, हे कळत नाही. ओळख पटवावी ती आकारावरून. मात्र येथेही एक गोम आहे. डिस्क बनवणारे दहाच्या हिशेबाने मोजतात. त्यांचा एक टेराबाइट म्हणजे एकावर बारा शून्ये इतके बाइट. विंडोज १०२४च्या हिशेबाने मोजते. त्यामुळे दोन टेराबाइटची डिस्क तेथे सुमारे १८६३ गिगाबाइटची दिसते, तर पाचशेची ४६५ची. त्यात कोणी कोणाला फसवलेले नसते. आमच्या यादीत डिस्क १ होती १८६३ची, म्हणजे नवी. ४६५ची जुनी डिस्क तिच्याखाली होती. तिची कड निळी होती, ‘हेल्दी’ असा शेराही होता. परंतु तिच्या नावापुढे ‘सी’, ‘डी’ यांसारखे अक्षर मात्र नव्हते.

या लेखात सांगायची मुख्य गोष्ट हीच. दोन्ही डिस्कांचे बाह्य लक्षण एकच होते, ‘दिसत नाही’; पण दोहोंचे उपाय परस्परविरुद्ध होते. कोऱ्या डिस्कवर काहीतरी लिहिल्याशिवाय ती दिसणार नाही, आणि भरलेल्या डिस्कवर काहीही लिहिता कामा नये. एकीचे औषध दुसरीला विष ठरावे, असा हा मामला. म्हणून उपाय विचारण्यापूर्वी आपणच आपल्याला विचारावे : या डिस्कमध्ये आधीचे काही आहे काय?

पुढे जाण्यापूर्वी आम्ही संगणक बंद करून जुनी डिस्क सरळ काढून कपाटात ठेवली. हात चुकला तरी तो तिच्यापर्यंत पोहोचूच नये! त्यानंतरच नवीकडे वळलो.

नव्या डिस्कचे तीन संस्कार असतात. पहिला ‘इनिशियलाइज’, म्हणजे कप्प्यांची नोंद ठेवण्याची पद्धत ठरवणे. येथे ‘एमबीआर’ आणि ‘जीपीटी’ असे दोन पर्याय येतात. एमबीआर ही १९८३पासूनची जुनी पद्धत. सामान्यतः दोन टेराबाइटच्या पलीकडची जागा तिला हिशेबात घेता येत नाही. आजच्या संगणकासाठी जीपीटी निवडावे. दुसरा संस्कार कप्पा पाडण्याचा. काळ्या पट्टीवर उजवी कळ दाबून ‘न्यू सिंपल व्हॉल्यूम’ निवडले की संगणक एकेक प्रश्न विचारत जातो; कप्पा किती मोठा हवा, अक्षर कोणते द्यावे. तिसरा संस्कार ‘फॉरमॅट’, म्हणजे फायलींची खतावणी उघडणे. डिस्क केवळ विंडोजवर वापरायची असेल तर ‘एनटीएफएस’ उत्तम. बाहेरून जोडायची डिस्क मॅकवरही वापरायची असेल तर ‘एक्सफॅट’ घ्यावे, कारण मॅक एनटीएफएसमधील फायली वाचतो, परंतु एरवी तीत लिहीत नाही. पाच मिनिटांत आमची नवी डिस्क ‘ई’ या अक्षराने प्रकट झाली.

मग जुनी डिस्क पुन्हा जोडली. तिच्या निळ्या पट्टीवर उजवी कळ दाबून ‘चेंज ड्राइव्ह लेटर अँड पाथ्स’ निवडले, ‘अॅड’ म्हटले आणि तिला ‘जी’ हे अक्षर दिले. क्षणार्धात खिडकी उघडली आणि अण्णांच्या हातच्या नावांचे सारे फोल्डर समोर आले. तिला केवळ एक अक्षर हवे होते.

प्रत्येकाची सुटका इतकी सोपी होईल असे नाही. भरलेली डिस्क जोडल्यावर कधी ‘वापरण्यापूर्वी ही डिस्क फॉरमॅट करणे आवश्यक आहे’ अशी सूचना येते, किंवा यादीत तिच्यापुढे ‘रॉ’ असे लिहिलेले दिसते. याचा अर्थ डिस्क मिळाली, पण तिची खतावणी वाचता आली नाही. येथे ‘कॅन्सल’ हेच उत्तर. क्विक फॉरमॅटने जुनी खतावणी बाजूला पडून कोरी मांडली जाते. गोदामातील माल तूर्त जागेवर असतो, पण कोणता माल कोठे, हे सांगणारे कोणी उरत नाही, आणि पुढे त्याच्यावरच नवा माल रचला जातो. पूर्ण फॉरमॅट तर विंडोज व्हिस्टापासून संपूर्ण कप्प्यावर शून्ये लिहून टाकतो. मग जाणकारालाही हात टेकावे लागतात. तसेच, पूर्वी भरलेली डिस्क ‘नॉट इनिशियलाइज्ड’ दिसू लागली, तरी तिला इनिशियलाइज करू नये. आणि डिस्कमधून टक् टक् असा आवाज येत असेल तर ती पुन्हा पुन्हा सुरू करून पाहण्याचा मोह टाळावा. तत्काळ वीज काढून ती माहिती परत मिळवून देणाऱ्या तज्ज्ञाकडे द्यावी.

त्या रात्री उशिरापर्यंत नक्कल चालली होती. नक्कल पूर्ण झाल्यावर पुतण्याने एक फाइल उघडून पाहिली. आधी जात्याची घरघर, मग आजीचा खोल आवाज. स्वयंपाकघरातून आई बाहेर आली आणि दाराशीच उभी राहिली. पुतण्याने पणजीचा आवाज प्रथमच ऐकला.

दुसऱ्या दिवशी आम्ही आणखी दोन कामे केली. ओव्या आणि वंशावळ यांची तिसरी प्रत पुतण्यासोबत पुण्याला धाडली. एकाच घरात ठेवलेल्या दोन प्रती आगीला किंवा पुराला सारख्याच सापडतात. आणि जुन्या डिस्कवर कागदाची एक चिठ्ठी चिकटवली. तिच्यावर अण्णांचे नाव, तारीख आणि खाली ठळक अक्षरांत एवढेच लिहिले : ‘भरलेली आहे. फॉरमॅट करू नये.’

आपल्याही कपाटात अशी एखादी डिस्क पडून असेल. तिच्यावर आजच चिठ्ठी लावावी. उद्या ती जोडणारा हात आपलाच असेल, असे नाही.