सातबारा भाड्याने देऊ नका



२०२० मध्ये मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला मोटारी नेणारी रो-रो बोट सुरू झाली. जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू खुला झाला. मुंबई जवळ आली आणि अलिबागच्या भातखाचरांवर बंगलेवाल्यांची नजर पडली. नगर जिल्ह्यातल्या शेतकऱ्याचा याच्याशी काय संबंध? संबंध असा, की अलिबागला शेतजमीन घ्यायला शेतकऱ्याचे नाव लागते, आणि ते नाव आपल्याजवळ आहे.

१९४८ च्या कूळकायद्याचे कलम ६३ सांगते, की जिल्हाधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय शेतजमीन बिगरशेतकऱ्याला विकता येत नाही. कारखानदारासाठी मात्र ६३-१अ हे कलम घालून वाट मोकळी ठेवली आहे. म्हणजे शेतकऱ्याने माल कुणाला विकायचा हे सरकार ठरवते, तसेच जमीन कुणाला विकायची हेही सरकारच ठरवते.

हे शेतकऱ्याच्या रक्षणासाठी आहे, असे सांगतात. तेव्हा अलिबागचाच इतिहास पाहू. तिथल्या चरी आणि आसपासच्या गावांतील कुळांनी १९३३ मध्ये खोतांविरुद्ध संप पुकारला. सहा वर्षे खोतांच्या शेतात नांगर घातला नाही. नारायण नागू पाटील पुढे होते, डॉ. आंबेडकर पाठीशी होते. १९४९ मध्ये खोती रद्द करणारा कायदा झाला आणि १ एप्रिल १९५७ च्या कृषिदिनाने कूळ मालक झाले. पण कसले मालक? कुळाला मिळालेली जमीन विकायची तर पुन्हा कलम ४३ ची परवानगी! दहा वर्षे झालेल्या जमिनींपुरती ती अट शिथिल व्हायला २०१४ साल उजाडले. तरीही गिऱ्हाईक शेतकरीच हवे, ही अट राहिलीच.

गिऱ्हाईक कमी, तिथे भाव कमी, हे कांदा पिकवणाऱ्याला शिकवायला नको. दाखलेवाला दलाल खाचराच्या भावाने जमीन घेतो, बिनशेती करतो आणि प्लॉटच्या भावाने मुंबईकराला विकतो. बिनशेती झालेल्या जमिनीला कलम ६३ आडवे येत नाही. मधला फरक दलालाच्या खिशात जातो. जमीन जायची ती जातेच. कायद्याने राखला जातो तो फक्त दलालाचा नफा.

आता आपला प्रश्न. ‘पैसे आमचे, नाव तुमचे, सही केली की इतके रोख,’ असे सांगत कुणी बांधावर आला, तर त्याला चहा पाजा आणि वाटेला लावा. दुसऱ्याच्या पैशाने त्याच्यासाठी आपल्या नावावर जमीन घेणे म्हणजे बेनामी व्यवहार. २०१६ च्या दुरुस्तीनंतर त्याला एक ते सात वर्षे सक्तमजुरी आणि बाजारभावाच्या पंचवीस टक्क्यांपर्यंत दंड आहे. जमीन सरकारजमा होते ती वेगळीच. पैसेवाला वकील लावील. तुम्ही काय लावाल?

ज्यांना स्वतःच्या पैशाने कोकणात खरोखर जमीन घ्यायची आहे, त्यांनी जरूर घ्यावी. पण तिकडच्या सातबाऱ्यावर सहहिस्सेदारांची रांग असते आणि निम्मे मुंबईला असतात. सगळ्यांची सही, कुळाची नोंद आणि किनारा नियमनाची हद्द पाहिल्याशिवाय इसार देऊ नये.

‘बंधने काढली तर धनदांडगे जमिनी गिळतील,’ अशी हाकाटी होईल. आम्ही विचारतो, आज काय होते आहे? विकायची सक्ती कुणावर नाही. पण ज्याला कर्जापायी विकावीच लागते, त्याला पुरता भाव का मिळू नये? कर्नाटकाने २०२० मध्ये ही शेतकरीपणाची अट काढून टाकली. महाराष्ट्राने का काढू नये?

जिल्हा बैठकीत दोन ठराव व्हावेत, असे आम्हाला वाटते. कलम ६३ ची अट रद्द करा, हा सरकारसाठी. आणि ती रद्द होईपर्यंत आपला सातबारा कुणालाही भाड्याने द्यायचा नाही, हा आपल्या स्वतःसाठी.